झाकण मिटल्यावरही लॅपटॉप जागाच राहतो? आधी मिटताना काय केलं ते आठवा

माझी भाची पुण्यात शिकते. पंधरा दिवसांतून एकदा शनिवार-रविवार धरून कोल्हापूरला येते. मागच्या पावसाळ्यात अशीच एसटी स्टँडवरून घरी आली, सॅक खाली ठेवली आणि म्हणाली, "मामा, जरा हात लावून बघ." सॅकचा पाठीकडचा कप्पा नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा गरम लागत होता. लॅपटॉप बाहेर काढला तर आत पंखा घरघरतोय आणि बॅटरी नऊ टक्के. पुण्यातून निघताना पूर्ण भरलेली होती. पाच-सहा तास तो मिटलेल्या झाकणाखाली जागा राहून, कपड्यांच्या गठ्ठ्यात तापत आला होता.

"मी तर झाकण मिटूनच निघालो होतो," ती म्हणाली, आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी. आणि ते खरंच होतं.

या दुखण्याचा सगळ्यात त्रासदायक भाग म्हणजे ते रोज होत नव्हतं. चार दिवस लॅपटॉप शहाण्यासारखा झोपायचा, पाचव्या दिवशी सॅकमध्ये भट्टी. पुण्यात तिनं एका दुकानात दाखवला. बॅटरी खराब झाली म्हणून सांगितलं, बॅटरी बदलली, पैसे गेले. पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच. विद्यार्थ्याच्या खिशातून असे पैसे जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी उद्यमनगरात एका मशीनशॉपमध्ये सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनचं, प्रोग्रॅमिंग करतो. मशीनवर 'कधीकधी' येणारा फॉल्ट आला की आम्ही पार्ट बदलायच्या आधी क्रम बघतो. आधी कुठलं बटण दाबलं, मग कुठलं, दार कधी लावलं. जो फॉल्ट कधी येतो आणि कधी येत नाही, तो बऱ्याचदा करण्याच्या क्रमात दडलेला असतो. भाचीच्या लॅपटॉपचंही तेच निघालं.

झाकण मिटतं तेव्हा आत काय होतं

पुष्कळांना वाटतं की झाकण मिटलं की फ्रिजच्या दिव्यासारखं काहीतरी आपोआप बंद होतं. तसं नसतं. झाकणाच्या कडेला एक छोटं चुंबक बसवलेलं असतं आणि खाली, कीबोर्डच्या भागात, एक सेन्सर. चुंबक जवळ आलं की सेन्सरला कळतं. हा हॉल सेन्सर. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानं १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. अगदी जुन्या लॅपटॉपमध्ये चुंबकाऐवजी बिजागरीजवळ दाबलं जाणारं बारकं बटण असायचं, त्यात धूळ बसून अडकायचं.

सेन्सर फक्त निरोप देतो: झाकण मिटलं. तो निरोप विंडोजकडे जातो. विंडोज त्या क्षणी बघतं की चार्जर लावलेला आहे का, आणि त्याप्रमाणे ठरवून दिलेलं काम करतं. झोप म्हटलंय तर झोपतं, काहीच करू नको म्हटलंय तर काहीच करत नाही. म्हणजे झाकण मिटणं हा हुकूम नाही, निरोप आहे, आणि तो एकदाच जातो. मिटण्याच्या त्या क्षणाला.

मी भाचीला एक साधी वही करायला सांगितली. झाकण मिटताना वेळ आणि टक्के लिहायचे, चार्जर लावलेला होता की काढलेला ते लिहायचं, उघडताना पुन्हा वेळ आणि टक्के. दहा दिवस. बाकी काहीही बदलायचं नाही. पोरीनं नेटानं लिहिलं. त्यातल्या दोन ओळी इथे देतो:

शनिवार रात्री ११.१०, ८८ टक्के, चार्जर काढला मग मिटला. रविवार सकाळी ७.३०, ८४ टक्के, थंड.

मंगळवार सकाळी ८.४५, ९६ टक्के, मिटला मग चार्जर काढला. दुपारी १२.४०, ५१ टक्के, गरम.

दहा दिवसांत तीनदा गरम, आणि तिन्ही वेळा आधी झाकण, मग चार्जर. ज्या दिवशी आधी चार्जर ओढला आणि मग झाकण मिटलं, त्या प्रत्येक दिवशी लॅपटॉप थंड. सकाळी गडबडीत निघताना हात आधी झाकणाकडे जातो, पिन नंतर ओढली जाते. निवांत असताना उलटं होतं. म्हणून तर ते कधीकधी व्हायचं.

सेटिंग उघडलं आणि उलगडा झाला. तिच्या धाकट्या भावानं दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉपला एचडीएमआय वायर लावून टीव्हीवर मॅच बघितली होती. झाकण मिटलं की चित्र जायचं, म्हणून त्यानं चार्जर लावलेला असतानाचं काम 'डू नथिंग' करून ठेवलं. शिवाय आपोआप झोपण्याची वेळही बॅटरीवर आणि चार्जरवर, दोन्ही ठिकाणी 'नेव्हर'. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, टीव्हीवर बघायचं तर ते लागतंच. पण ते परत कुणी बदललं नाही. चार्जर लावलेला असताना झाकण मिटलं की निरोप गेला, 'काही करू नको' हे उत्तर मिळालं, आणि नंतर पिन ओढली तरी त्या लॅपटॉपला कुणी पुन्हा विचारलं नाही. आपोआप झोपायची वेळही काढून टाकलेली. मग तो कोल्हापूरपर्यंत जागाच.

सेटिंग कुठे आहे

कंट्रोल पॅनेल उघडा, हार्डवेअर अँड साउंड, मग पॉवर ऑप्शन्स. डाव्या बाजूला 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज' अशी ओळ दिसेल. तिथे दोन रकाने आहेत, 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन'. दोन्ही बघा. लोक बहुतेक वेळा एकच बघतात आणि सगळं बरोबर आहे म्हणून बाहेर येतात. लॅपटॉप रोज सॅकमध्ये जात असेल तर दोन्हीकडे झोप ('स्लीप') किंवा हायबरनेट ठेवा. टेबलावर मोठी स्क्रीन लावून, झाकण मिटून काम करणाऱ्यांनी 'प्लग्ड इन'ला 'डू नथिंग' ठेवायला हरकत नाही, पण मग बॅटरीवर आपोआप झोपायची वेळ दहा-पंधरा मिनिटांची हवीच, आणि निघताना आधी पिन, मग झाकण ही सवय हवी.

झोप आणि हायबरनेट यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. झोपेत उघडलेलं सगळं रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मरणात, राहतं आणि रॅमला थोडी वीज लागत राहते. हायबरनेटमध्ये तेच सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. उघडायला थोडा जास्त वेळ लागतो, पण सॅकमध्ये तापायला आत काही चालूच नसतं. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर ते आधी सुरू करावं लागतं. त्यासाठी स्टार्टमध्ये सीएमडी (कमांड प्रॉम्प्ट) शोधा, उजवी क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी टाईप करायचं, म्हणजे इंग्रजीतल्या पॉवर या शब्दाला चिकटून सी, एफ, जी ही अक्षरं. मग एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून एच, पुन्हा स्पेस आणि ऑन. मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाईप करा. मग पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडून खालच्या बाजूला हायबरनेटवर खूण करा.

दोन्ही रकाने बरोबर, तरीही गरम

असं झालं तर गोष्ट वेगळी आहे, आणि नव्या लॅपटॉपवर हे बरंच होतं.

जुन्या लॅपटॉपची झोप गाढ असायची. प्रोसेसर बंद, पंखा बंद, फक्त रॅमला वीज. तिला एस-थ्री म्हणतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, दुसऱ्या प्रकारची झोप आली. विंडोज १० मध्ये तिला मॉडर्न स्टँडबाय हे नाव मिळालं. मोबाईलसारखी झोप: स्क्रीन बंद, पण आत मशीन अर्धवट जागं, मेल येतायत, अपडेट उतरतायत. कल्पना चांगली आहे. पण एखादा ड्रायव्हर (आतला एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा दुसरा प्रोग्रॅम त्या अर्धवट झोपेत मशीनला नीट झोपू देत नाही, आणि मग बंद सॅकमध्ये ते तापतं.

तुमच्या लॅपटॉपला कुठली झोप येते ते बघायला त्याच काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश-ए. उत्तरात 'एस-झीरो लो पॉवर आयडल' उपलब्ध असल्याचं लिहिलं असेल तर तुमचा लॅपटॉप नव्या प्रकारचा. अशा वेळी पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश-स्लीपस्टडी चालवा. गेल्या तीन दिवसांचा अहवाल तयार होतो, तो ब्राउझरमध्ये उघडून बघायचा. कधी झोपला, किती वेळ, किती बॅटरी गेली आणि कुणी जागं ठेवलं ते त्यात लिहिलेलं असतं. भाचीच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर वाय-फायचा ड्रायव्हर सगळ्यात वर होता. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून नवा टाकला, तेव्हा रात्रीतली गळती थांबली. तुमच्याकडे वेगळं नाव असेल. पण अंदाजानं ड्रायव्हर बदलत बसण्यापेक्षा आधी अहवालातलं नाव वाचा.

नाव सापडलं नाही, किंवा शोधायला वेळ नसेल, तर बॅटरीच्या रकान्यात झाकणाला हायबरनेट द्या आणि मोकळे व्हा. मी स्वतः माझ्या लॅपटॉपवर हेच करतो. उठायला लागणाऱ्या चार-दोन सेकंदांपेक्षा सॅकमधल्या लिथियमच्या बॅटरीची काळजी मला जास्त वाटते.

कधीकधी लॅपटॉप नीट झोपतो, पण कुणीतरी त्याला उठवतं. बिनवायरचा माऊस सॅकच्या दुसऱ्या कप्प्यात, त्याचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) लॅपटॉपला तसाच, आणि बस खड्ड्यातून गेली की माऊस हलतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसवर दोनदा क्लिक करून 'पॉवर मॅनेजमेंट'मधली, या उपकरणाला कॉम्प्युटर उठवू द्या अशी परवानगी काढून टाका. शेवटचं कुणी उठवलं ते पॉवरसीएफजीला स्लॅश-लास्टवेक विचारलं की कळतं, ठरलेल्या वेळी उठवणारं काही आहे का ते स्लॅश-वेकटायमर्स सांगतं. नव्या झोपेच्या लॅपटॉपवर या दोन्हींतून फारसं हाती लागत नाही, तिथे तो तीन दिवसांचा अहवालच बघायचा.

उलटं दुखणं: झाकण उघडं आणि लॅपटॉप झोपतो

हे आमच्या शॉपमध्ये घडलं. इन्स्पेक्शनच्या टेबलावरचा लॅपटॉप, ज्यावर जॉबची, म्हणजे मशीनवर बनवलेल्या भागाची, मापं भरायची. काम करता करता स्क्रीन काळी व्हायची. पॉवर बटण दाबलं की कधी परत यायची, कधी नाही. आधी स्क्रीन बदलून झाली. मग विंडोज नव्यानं टाकून झालं. दोन महिने गेले. पहिल्या पाळीतले म्हणायचे, आम्हाला तर काही त्रास नाही. दुसऱ्या पाळीतला इन्स्पेक्टर म्हणायचा, माझ्याच हाताला काय झालंय कुणास ठाऊक.

एका संध्याकाळी मी त्याच्याशेजारी बसून राहिलो. तो डावखुरा आहे. त्यानं शाफ्टचा रनआऊट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो ते, बघितला, डायल गेज (माप दाखवणारी तबकडी) असलेला मॅग्नेटिक स्टँड उचलून डाव्या हाताला, लॅपटॉपच्या मनगट टेकायच्या पट्टीला लागून ठेवला आणि मापं टाईप करायला लागला. स्क्रीन गेली. स्टँडच्या बेसला बाजूला एक खटका असतो, तो फिरवला की चुंबक लागतं, उलटा फिरवला की सुटतं. तो खटका चालूच राहिलेला होता. मशीनच्या लोखंडी बेडवर असताना त्या चुंबकाची सगळी ओढ लोखंडात जाते, पण लाकडी टेबलावर ती आजूबाजूला पसरते. लॅपटॉपचा सेन्सर नेमका डाव्या पट्टीखाली. त्याला वाटायचं, झाकण आलं. मी खटका फिरवून चुंबक सोडवलं, पॉवर बटण दाबलं, स्क्रीन आली. पुन्हा लावलं, गेली. तीनदा करून दाखवलं तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला, तो मी विसरणार नाही. दोन महिने त्याला वाटत होतं की दोष आपला आहे.

मशीनशॉपमध्ये, गॅरेजमध्ये किंवा स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप वापरत असाल तर हे आधी तपासा. घरीही चुंबकं कमी नसतात. मोबाईलचं फ्लिप कव्हर, इयरबडची डबी, घड्याळाचा चुंबकाचा पट्टा, पर्सचं बटण. एका लॅपटॉपवर दुसरा ठेवून काम करत असाल तर खालच्याच्या झाकणातलं चुंबकही वरच्याला फसवतं.

पुरावा हवा असेल तर तोही मिळतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्स, मग सिस्टीम. तिथे कर्नल-पॉवर या नावाची ४२ क्रमांकाची नोंद शोधा. झोपण्याचं कारण म्हणून 'बटन ऑर लिड' लिहिलं असेल आणि तुम्ही तर झाकणाला हातही लावला नव्हता, तर सेन्सर फसला. नव्या झोपेच्या लॅपटॉपवर हीच नोंद ५०६ क्रमांकाची असते. सेन्सरची जागा शोधायला कपाटाच्या दाराला असतं तेवढं छोटं चुंबक पुरतं. कीबोर्डच्या कडेनं आणि मनगटाच्या पट्टीवरून हळूहळू फिरवा, स्क्रीन जाईल तिथे सेन्सर आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर मात्र मोठं चुंबक फिरवू नका.

आसपास कुठेच चुंबक नाही आणि तरी नोंद झाकणाचीच येते, तर सेन्सर किंवा त्याची पट्टी गेलेली असू शकते. दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही रकाने 'डू नथिंग' करून काम चालवा, पण त्या काळात सॅकमध्ये टाकण्याआधी दरवेळी शट डाउन.

उघडल्यावर उठत नाही

पंखा फिरतोय, बटणाचा दिवा लागलाय, स्क्रीन काळी. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. त्यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, एक छोटा आवाज येतो आणि पुष्कळदा स्क्रीन परत येते. आली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि बायोस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम), दोन्ही लॅपटॉपच्या कंपनीकडून अद्ययावत करा.

नाही आली तर खोलीतला दिवा मालवून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा मारा. मागे अंधुक चित्र दिसलं तर स्क्रीन चालू आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. चित्र अजिबात नसेल तर टीव्हीला वायर लावून बघा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर काही नाही, किंवा झाकण पुढेमागे केलं की चित्र येतं-जातं, तर बिजागरीतून जाणारी केबल घासलेली असू शकते. त्यासाठी दुकान गाठावंच लागेल.

झाकण नीट बसत नाही, टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो, खालची बाजू फुगलीय, यातलं काहीही दिसलं तर मात्र हे सगळं सोडा. बॅटरी फुगलीय. लॅपटॉप बंद करा, चार्जर लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि बॅटरी काढून घ्यायला जाणकाराकडे न्या. सॅकमधून गरम निघालेला लॅपटॉपही लगेच चार्जिंगला लावू नका, झाकण उघडून, फरशीवर किंवा टेबलावर निवू द्या.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: झाकणाचं उत्तर सिस्टीमडीच्या लॉगइनडी या सेवेच्या सेटिंगमध्ये असतं, आणि तिथेही बॅटरी, बाहेरची वीज आणि बाहेरची स्क्रीन यांच्या वेगळ्या ओळी आहेत. मॅकवर झाकण मिटून बाहेरची स्क्रीन चालवायची तर साधारणपणे चार्जर आणि बाहेरचा कीबोर्ड-माऊस लागतो. सॅकमध्ये तापत असेल तर बॅटरीच्या सेटिंगमधलं, नेटवर्कसाठी जागं होण्याचं काम बंद करून बघा.

भाचीच्या लॅपटॉपवर आम्ही शेवटी दोनच गोष्टी बदलल्या. चार्जर लावलेला असताना झोप, बॅटरीवर हायबरनेट. भावाला मॅच बघायची असेल तर त्यानं बदलावं आणि परत करून ठेवावं, असं दोघांत ठरलंय. वही तिनं अजून बंद केलेली नाही. तिच्यातली मागच्या महिन्यातली एक ओळ: रविवार दुपारी २.२०, कोल्हापूर स्टँड, ९१ टक्के. रात्री ९.०५, पुणे, ९१.

आणि दुकानात न्यायची वेळ आलीच तर वही सोबत न्या. बॅटरी किंवा स्क्रीन बदलायची असं सांगितलं, तर आधी टीव्ही किंवा दुसरी स्क्रीन लावून आणि ती ४२ किंवा ५०६ ची नोंद उघडून दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तुमच्यासमोर होण्यासारखं आहे.